हस्तलिखित, ग्रंथालय आणि संगणक : वैद्यकव्यवसायाच्या दृष्टीने

गेल्या वर्षी एका औषधी निर्मात्या स्नेह्यांनी प्रस्तुत लेखकाकडे संगणकावर टंकलिखित केलेले काही कागद अभिप्रायार्थ पाठविले. त्यांच्या आजोबांच्या हातचे मोडी लिपीतील एक बाड घरात होते. मोबाइलवर त्याची छायाचित्रे काढून, मोडी शिकलेल्या एका तरुणाकडून ते देवनागरीत उतरवून घेण्यात आले होते. त्यातील ज्वरावरील एका गुटीच्या पाठात 'शुद्ध बचनाग ११ मासे' असा उल्लेख आढळला. शेजारची सुंठ, मिरे, पिंपळी ही द्रव्ये एकेक तोळा, आणि बचनाग अकरा मासे, म्हणजे जवळजवळ तितकाच! वत्सनाभाचे हे मान पाहून कोणताही वैद्य दचकेल. लेखकाने मूळ पान पाहण्याची इच्छा व्यक्त केली. त्या पानावर अकरा हा आकडा नव्हताच. तेथे दोन उभ्या रेघा होत्या. जुन्या मराठी हिशेबी लेखनात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण, हे ज्येष्ठ वाचकांस ठाऊक असेलच. आजोबांनी अर्धा मासा, अर्थात चार गुंजा, लिहिला होता. उतरवून घेणाऱ्याने दोन रेघांचे दोन एकडे केले आणि मान बावीस पटींनी वाढले.

येथे त्या तरुणास दोष देण्याचे कारण नाही. त्याला मोडी येत होती, परंतु तोळा-मासा-गुंजेचे लेखन आणि बचनागाची मात्रा या दोन्ही गोष्टी त्याच्या अभ्यासाच्या बाहेरच्या होत्या. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तो टंकलिखित कागद दिसण्यास अतिशय स्वच्छ होता. जुन्या पिवळ्या पानावर शंका घेणारा मनुष्य संगणकाच्या अक्षरांवर सहसा शंका घेत नाही. हे स्नेही त्या कागदाच्या आधारे प्रायोगिक घाणा काढण्याच्या विचारात होते, आणि 'आता सगळे संगणकावर आले आहे, तेव्हा बाड कोठे ठेवायचे?' असाही प्रश्न त्यांनी विचारला होता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नामुळे लिहावासा वाटला.

पान, चित्र आणि पाठ

'डिजिटायझेशन' या एकाच शब्दाखाली आपण तीन भिन्न गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट म्हणजे मूळ पान. त्याचा कागद, शाई, समासातील टीप, मागाहून केलेली दुरुस्ती, मालकाचे नाव. दुसरी, त्या पानाचे चित्र. तिसरी, त्या चित्रावरून वाचून सिद्ध केलेला पाठ, जो संगणकास शोधता येतो. चित्र हे पानाचे साक्षीदार असते. पाठ मात्र कोणीतरी केलेले वाचन असते आणि वाचन चुकू शकते. म्हणूनच ज्या पाठामागे चित्र नाही, आणि ज्या चित्रामागे मूळ पान कोठे आहे याची नोंद नाही, त्या पाठाचा पडताळा घेण्याचा मार्ग पुढील पिढीसाठी बंद होतो.

संगणकाच्या साहाय्याने ग्रंथ, इतिहास, भाषा आदी विषयांचा अभ्यास करण्याच्या शास्त्रास आज 'डिजिटल ह्युमॅनिटीज' म्हणतात. मराठीत त्यास संगणकीय मानव्यविद्या म्हणता येईल. या शाखेचा आरंभ बहुधा रोबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंपासून सांगतात. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन पंडिताच्या लॅटिन ग्रंथांतील प्रत्येक शब्द कोठे व कोणत्या रूपात आला आहे, याची सूची करण्यासाठी त्यांनी १९४९ साली आय.बी.एम. कंपनीचे साहाय्य मिळविले. एक कोटीहून अधिक शब्दांचे हे काम सुमारे तीन दशके चालले आणि त्याचे ५६ खंड छापले गेले.

हे वाचताना पुण्याच्या वाचकास आपल्याच गावातील दोन कामांचे स्मरण व्हावे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण केले. त्यासाठी निरनिराळ्या लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेण्यात आली. प्रत्येक श्लोक चौकटींच्या कागदावर अक्षर-अक्षर मांडून, त्याखाली प्रत्येक प्रतीतील फरक हाताने नोंदविला जाई. दुसरे काम डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाचे. १९४८ साली सुरू झालेल्या या कोशासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या, त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते, आणि त्या ग्रंथांत वैद्यकाचे ग्रंथही आहेत. ज्या गोष्टीस आज नवे नाव मिळाले आहे, तिची शिस्त या महाराष्ट्रात संगणकाशिवाय रुजली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संगणकाने वेग दिला. शिस्त त्याला द्यावी लागते.

आयुर्वेदास तर ही शिस्त नवी नाहीच. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. आचार्यपरीक्षा त्यानंतर येते. आपल्या अभ्यासक्रमात हा भाग आपण परीक्षेपुरता पाठ केला. पण आपल्या हातातील छापील ग्रंथ कोणत्या प्रतींवरून सिद्ध झाला, हा प्रश्न पदवीच्या साडेपाच वर्षांत कोणी विचारल्याचे प्रस्तुत लेखकास तरी स्मरत नाही.

सुश्रुताची जुनी प्रत

आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात सुश्रुतसंहितेची जी आवृत्ती आहे, तिचे मूळ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात आहे. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली १९३८ ची आवृत्ती पुढे अनेक प्रकाशकांनी जशीच्या तशी छायामुद्रित केली. यादवजींचे उपकार आपल्या व्यवसायावर किती आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि डल्हण हा बाराव्या शतकाच्या सुमाराचा टीकाकार. त्याने आपल्या काळी उपलब्ध पाठांतून निवड केली आणि आपण आज प्राधान्याने त्याची निवड वाचतो.

काठमांडूच्या कैसर ग्रंथालयात सुश्रुतसंहितेचे एक ताडपत्र आहे. त्यावर लेखनाची तिथी असून ती इ. स. ८७८ ची ठरते, म्हणजे डल्हणाच्या कित्येक पिढ्या आधीची. युनेस्कोने २०१३ साली या हस्तलिखिताचा आपल्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला. नेपाळमध्ये या ग्रंथाची आणखी दोन जुनी हस्तलिखिते आहेत. १९७० पासून तीन दशके नेपाळ आणि जर्मनी यांच्या संयुक्त प्रकल्पाने तेथील हस्तलिखितांच्या सूक्ष्मफिती तयार केल्या, त्यात हीही आली. या फितींमुळे जगाच्या पाठीवर कोठेही बसून ती वाचणे शक्य झाले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात डॉमिनिक वुयास्टिक यांच्या नेतृत्वाखाली २०२० पासून या तीन प्रतींचा पाठ अक्षरशः उतरविण्याचे व तुलनेचे काम सुरू झाले. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे, तिच्यातील चुकांसह, उतरविली जाते. कोणती अक्षरे स्पष्ट आहेत, कोणती पुसट, कोठे लेखकाने खोडून पुन्हा लिहिले, हे सर्व ठराविक खुणांनी संगणकास सांगितले जाते. मग 'सक्तुमिव' नावाचे एक साधन या प्रती शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखविते. चाळणीने सातू चाळावा, या प्राचीन उपमेवरून आलेले हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या रसिकतेचे कौतुक वाटते.

या तुलनेतून पुढे आलेली एक गोष्ट सर्वांना विचारात पाडणारी आहे. छापील सुश्रुतात अध्यायाच्या आरंभी भगवान धन्वंतरींनी जसे सांगितले, या अर्थाचे वाक्य वारंवार येते. नेपाळमधील जुन्या प्रतींत ते वाक्य अध्यायारंभी नाही. दिवोदास काशिराज उपदेशक आहेत. परंतु संपूर्ण ग्रंथ धन्वंतरींच्या मुखातून आला, ही चौकट मागाहून दृढ झाली असावी, असे अभ्यासक म्हणतात. यामुळे कोणाची श्रद्धा डळमळण्याचे कारण नाही. धन्वंतरी पूजनाच्या दिवशी आपण पूजा करूच. पण ग्रंथ वाढत असतो, त्याचे संस्कार होत असतात, ही गोष्ट प्रतिसंस्कार मानणाऱ्या आपल्या परंपरेस अपरिचित नाही. सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायाचा, म्हणजे कर्णवेध, कर्णसंधान व नासासंधान या भागाचा, नेपाळी पाठ भाषांतरासह २०२३ साली प्रसिद्ध झाला. शल्यतंत्राच्या अध्यापकांनी तो छापील पाठाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

चरकसंहितेबाबत असेच काम व्हिएन्ना विद्यापीठात विमानस्थानापुरते झाले आहे. तेथील फिलिप मास यांनी आठव्या अध्यायातील एका दीर्घ भागाच्या, ज्यात दशविध परीक्ष्य भाव येतात त्याच भागाच्या, ५२ पाठपरंपरा संगणकात घातल्या. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या जातींचा वंशवृक्ष ज्या रीतीने काढतात, त्याच रीतीने त्यांनी हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढून पाहिला. तत्त्व साधे आहे. एकाच जागी एकच विशिष्ट चूक ज्या प्रतींत आढळते, त्या एकाच आईच्या लेकी असण्याचा संभव असतो. एक प्रत वडील आणि दुसरी तिची नक्कल असे सिद्ध झाले, तर नकलेतील पाठास वेगळे मत म्हणून मोजता येत नाही. दहा प्रतींत एक पाठ आणि दोन प्रतींत दुसरा, म्हणून दहांचे बहुमत, हा हिशेब त्यामुळे फसवा ठरतो. त्या दहाही एकाच नकलेच्या नकला असू शकतात. अर्थात संगणक केवळ गट पाडून देतो. कोणता पाठ युक्त, हे ठरविण्यास संस्कृत आणि वैद्यक दोन्ही जाणणारा मनुष्यच लागतो.

परवाना आणि पोथी

हा सर्व व्याप संशोधकांचा आहे, आपल्या कारखान्याशी व दवाखान्याशी त्याचा संबंध काय, अशी शंका औषधी निर्मात्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांनी कृपया आपला परवाना काढून पाहावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण आले. शास्त्रोक्त औषध कोणते, तर प्रथम अनुसूचीत दिलेल्या प्रमाणग्रंथांतील पाठानुसार केलेले. याचा अर्थ असा, की आपल्या शास्त्रोक्त उत्पादनांचा कायदेशीर आधार ग्रंथातील पाठ हा आहे. अनुसूचीत ग्रंथाचे नाव असते. परंतु कोणती आवृत्ती, कोणती प्रत, हे बहुतांशी सांगितलेले नसते. चरकाच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम मुंबईच्या व बंगालच्या आवृत्तींत सर्वत्र सारखा नाही, हे आपण जाणतोच. निव्वळ अध्यायाचा अंक लिहून दिलेला संदर्भ त्यामुळे दुसऱ्याच्या हाती भलत्याच रोगाच्या अध्यायात उघडतो.

याच अनुसूचीत काश्यपसंहिता आहे आणि भेलसंहिताही आहे. काश्यपसंहिता आपल्या हाती आली ती नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील एका खंडित ताडपत्रावरून. यादवजी आचार्यांनी ती १९३८ साली निर्णयसागरातून प्रसिद्ध केली. भेलसंहिता १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने छापली, ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एकाच अपूर्ण हस्तलिखिताच्या बळावर. कौमारभृत्याचा आपला सर्वांत मोठा आधारग्रंथ आणि आत्रेयांच्या एका शिष्याचे तंत्र, दोन्ही एकेका गठ्ठ्यावर तरले. ते गठ्ठे कोणा ग्रंथपालाने, कोणा राजगुरूने सांभाळले नसते, तर आज त्या नावांची केवळ टीकाग्रंथांतील अवतरणे उरली असती, जशी जतूकर्ण, क्षारपाणी यांची उरली आहेत.

तंजावरचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे विषयांतर क्षम्य मानावे. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल वाढविला आणि धन्वंतरी महाल नावाचे चिकित्सालय चालविले. तेथे अनुभूत ठरलेल्या योगांचे संग्रह झाले, नेत्ररुग्णांच्या वृत्तांतांच्या नोंदी चित्रांसह ठेवण्यात आल्या. त्या दरबारची मोडी कागदपत्रे मोठ्या प्रमाणात तेथे आहेत. तमिळ प्रदेशात, मोडी लिपीत, मराठी भाषेत लिहिलेली वैद्यकविषयक सामग्री वाचणारे हात किती उरले आहेत, याचा विचार महाराष्ट्रातील वैद्यांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

ग्रंथालयाचे काम केवळ सांभाळणे एवढेच नसते. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवावे. चार दशके हस्तलिखितांच्या सान्निध्यात राहून, पुष्पिकेतील एखादी तिथी, एखाद्या ग्रंथात दुसऱ्याचे आलेले अवतरण, एखाद्या मालकाचे नाव, अशा बारीक धाग्यांवरून त्यांनी अनेक ग्रंथकारांचे काळ निश्चित केले. निर्णयसागरच्या १९३९ च्या अष्टांगहृदयास त्यांची प्रस्तावना आहे. ते वैद्य नव्हते. परंतु कोणत्या गठ्ठ्यात काय आहे आणि त्याचा कशाशी संबंध आहे, हे त्यांना ठाऊक होते. या ज्ञानास सूचिविद्या म्हणतात, आणि आज लाखो पानांची छायाचित्रे निघत असताना सर्वाधिक तुटवडा याच ज्ञानाचा आहे. 'वैद्यक, अपूर्ण, पाने ४२' एवढ्या नोंदीसह ठेवलेले उत्कृष्ट छायाचित्र हे कुलूप लावलेल्या कपाटासारखेच असते.

हळदीच्या एकस्वाचा प्रसंग येथे आठवतो. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. मूळचे गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' हा युक्तिवाद तेथे चालणारा नव्हता. लेखी पुरावा द्यावा लागला. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख, असे ३२ संदर्भ सादर झाले. ते संदर्भ कोठल्या तरी ग्रंथालयाच्या फळीवर जपलेले होते म्हणूनच सापडले. त्यानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय, अर्थात टी.के.डी.एल., सुरू झाले. त्यात चार लाखांहून अधिक योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत नोंदले आहेत आणि परदेशी एकस्व कार्यालये करारान्वये ते पाहू शकतात. मात्र दोन दशके हे भांडार आपल्याच वैद्यांसाठी बंद होते, ही गोष्ट लेखकास नेहमीच खटकत आली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते टप्प्याटप्प्याने, शुल्क घेऊन, इतरांसाठी खुले करण्याचा निर्णय घेतला. तो उशिराचा असला तरी योग्य आहे.

शोधण्याची सोय आणि तिच्या मर्यादा

मुळात छापलेल्या संहितांचे शोधयोग्य पाठ आज सहज मिळतात. हैदराबाद येथील केंद्रीय परिषदेच्या संस्थेने चरक, सुश्रुत, माधवनिदान व निघंटू संगणकावर आणले आहेत. रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी तर ऑलिव्हर हेलविग या जर्मन विद्वानांचा संस्कृत पाठसंग्रह उपयुक्त ठरावा. त्यात रसग्रंथ पुष्कळ असून प्रत्येक शब्दाचा संधी सोडवून त्याचे मूळ रूप दाखविले आहे. ही सोय का लागते? संगणकात 'गुडूची' हा शब्द शोधला, तर 'गुडूच्यामलकी' असा संधी झालेला प्रयोग साध्या शोधात सुटून जातो. 'अमृता', 'छिन्नरुहा', 'वत्सादनी' ही नावे तर त्याच्या गावीही नसतात. उलट 'अमृता' शोधल्यास कोठे गुळवेल, कोठे हिरडा, कोठे आवळा हाती लागतो, आणि संदर्भ पाहून निवड वैद्यालाच करावी लागते. 'अमुक द्रव्याचा उल्लेख अमुक संहितेत नाही' अशी विधाने अलीकडील प्रबंधांतून वारंवार दिसतात. त्यातील कित्येकांचा आधार एकाच शब्दाचा एकदा केलेला शोध एवढाच असतो, असे परीक्षक या नात्याने नाइलाजाने नमूद करावे लागते.

छायाचित्रावरून आपोआप अक्षरे ओळखणारी यंत्रणा छापील देवनागरीसाठी आता बरीच सुधारली आहे. हस्तलिखितांत मात्र व आणि ब एकच, प आणि य जवळचे, च आणि व एकमेकांसारखे, शब्दांत अंतर नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. पाव-अर्धा-पाऊणच्या रेघा तर यंत्रास दंड वाटतात, म्हणजे विरामचिन्ह. मान दाखविणारी खूण विरामचिन्ह समजून गळून जाणे, हे औषधपाठाच्या बाबतीत किती भयंकर आहे, ते लेखाच्या आरंभीच्या प्रसंगावरून ध्यानी यावे.

आपल्या घरातील दप्तरे

मोठ्या संग्रहांची काळजी घेणाऱ्या योजना आहेत. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या नव्या मोहिमेची घोषणा झाली; एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व नोंद हे तिचे उद्दिष्ट आहे. पण वैद्यांच्या घरातील बाडे, रुग्णनोंदींच्या वह्या, रसशाळांच्या घाण्यांची रजिस्टरे, जुन्या औषधालयांच्या किमतींची पत्रके कोणत्याच सूचीत नसतात. पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या गावी कोणती वनस्पती कोणत्या नावाने व कोणत्या भावाने मिळत होती, भस्माला किती पुटे दिली आणि घाण्याला किती घट आली, हे ज्ञान संहितेत नाही. ते या वह्यांत आहे. लेखकाच्या माहितीतील सातारा जिल्ह्यातील एका वैद्यघराण्यात वृद्ध वैद्यांच्या निधनानंतर तीन ट्रंका कागद रद्दीत गेले. लेखक तेथे पोहोचला तेव्हा एका ट्रंकेच्या तळाशी, वाळवीने खाल्लेली, अवलेहांची अर्धी वही तेवढी शिल्लक होती. ती रद्दी घेणाऱ्याने शाईचा वास येतो म्हणून बाजूला काढली होती.

कित्येक घराण्यांस आपले योग बाहेर जातील अशी भीती वाटते. ती सर्वस्वी अनाठायी नाही. तथापि ग्रंथालयास मूळ बाड ठेवीदाखल देताना, अमुक वर्षांपर्यंत ते कोणास दाखवू नये, अशी लेखी अट घालता येते, आणि केवळ नोंद प्रसिद्ध करून पाने बंद ठेवता येतात. पुण्याचे भांडारकर मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांत कागद हाताळण्याचा अनुभव आहे. प्रथम तेथे विचारणा करावी. अर्थात संस्थेतही धोका शून्य नसतो. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर मंदिरात झालेली नासधूस आपण विसरलेलो नाही. म्हणूनच चित्रांच्या किमान तीन प्रती, तीन वेगळ्या जागी, हव्यात.

घरी छायाचित्रे घ्यावयाची झाल्यास बाड उलगडून, दिवसाच्या अप्रत्यक्ष उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, कोरी पानेदेखील न वगळता, क्रमाने घ्यावीत. पहिले चित्र वेष्टणाचे असावे. चित्राच्या नावात बाडाचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि पुढची की मागची बाजू हे असावे; 'आजोबा-नवीन-२' अशा नावाचा पुढे कोणासही उपयोग होत नाही. पाने प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत, चिकटपट्टी लावू नये. बाड कोणाचे, कोणत्या गावचे, कोणाकडून आले, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून वेगळ्या कागदावर त्याच दिवशी लिहून घ्यावे, कारण हे सांगणारी माणसे बाडापेक्षाही लवकर जातात. पाठ उतरविताना माने अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहावीत, संशयित जागी प्रश्नचिन्ह ठेवावे, ती जागा गुळगुळीत करू नये. उतरविणारा आणि तपासणारा वैद्य वेगवेगळे असावेत व दोघांची नावे पाठाखाली यावीत.

आरंभी उल्लेखिलेल्या स्नेह्यांनी प्रायोगिक घाण्याचा विचार सोडून दिला. बाडाची १८६ पाने आता नव्याने, क्रमवार चित्रित झाली असून टंकलिखित पाठ पहिल्या पानापासून पुन्हा तपासला जात आहे. आतापर्यंत चाळीस पानांत मानाच्या आणखी सात चुका सापडल्या, त्यापैकी दोन रसकल्पांतील. मूळ बाड कोणत्या संस्थेत ठेवावे, याविषयी त्यांच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही; धाकट्या बंधूंच्या मते ते देवघरातच राहावे. बचनागाच्या त्या ओळीशेजारी त्यांनी उत्साहाच्या भरात बॉलपेनने 'अर्धा' असे लिहावयास घेतले होते. वेळीच दूरध्वनी आला म्हणून ते राहिले. आता ती टीप वेगळ्या चिठ्ठीवर, पान ६३, मागची बाजू, ओळ नववी, अशी लिहिली आहे.